सेकंडहँड स्विफ्ट घेताना पिढी कशी ओळखायची, आणि आपल्या बेळगाव-निपाणी-खानापूर भागात कुठली घ्यावी

बेळगावात सेकंडहँड गाडी बघायला बाहेर पडलं की पहिल्या दोन-चार गाड्यांत एकतरी स्विफ्ट असतेच, आणि विकणारा हमखास म्हणणार 'न्यू शेप आहे ओ, बघून तरी घ्या'. आता न्यू शेप म्हणजे नेमका कुठला, तर तो २०१२ ची गाडी पण न्यू शेप म्हणतो आणि २०१९ ची पण. भारतात स्विफ्टचे चार शेप झालेत, २००५ चा, २०११ चा, २०१८ चा आणि २०२४ चा, आणि चारींचं वजन वेगळं, इंजिनं वेगळी, दुखणी पण वेगळी. त्यामुळं किंमत विचारायच्या आधी समोर उभी आहे ती कुठल्या पिढीची हे लांबूनच कळलं पाहिजे, नाहीतर घासाघीस करणार कशावर? थोडा इतिहास, थोडी गॅरेजमधली माहिती असं मिसळून लिहितोय, आणि आपल्याकडं एमएच-केए म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक नंबरचा जो घोळ असतो तो शेवटी घेतो.

आधी घराणं बघू

सुझुकीनं जपानमध्ये १९८३ ला कल्टस नावाची छोटी हॅचबॅक काढली, बाहेरच्या बऱ्याच देशांत तीच स्विफ्ट नावानं विकली गेली. १९८८ ला तिची दुसरी पिढी आली, त्यात जीटीआय म्हणून एक मॉडेल होतं, १.३ लिटर, ट्विन कॅम, १६ व्हॉल्व्ह, १०० पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) आसपास ताकद आणि वजन एक टनाच्या बरंच खाली. छोटी गाडी, हलकं अंग आणि वळणावर मजा, ही स्विफ्टची सगळी ओळख तिथूनच सुरू होते. ह्याच दुसऱ्या कल्टसची सेडान म्हणजे आपली मारुती १०००, ती १९९० ला आली, आणि १९९४ ला त्याच बॉडीत १.३ चं इंजिन टाकून एस्टीम झाली, जी पुढं भारतातल्या रॅलीवाल्या पोरांची लाडकी होती. म्हणजे स्विफ्ट २००५ ला आली असं सगळे म्हणत असले तरी तिचा चुलता पंधरा वर्षं आधीपासून आपल्या काँग्रेस रोडवर फिरत होता.

मधे २००० ला जपानमध्ये जी स्विफ्ट आली ती आपण ज्याला पहिली इग्निस म्हणतो ती. ती सोडून देऊ, पण एक घोळ तिच्यामुळं होतो, जपानी लोक तिला पहिली पिढी धरतात आणि आपण २००५ वालीला, त्यामुळं आपली दुसरी ती त्यांची तिसरी. ऑनलाइन पार्ट मागवताना 'सेकंड जनरेशन' असं लिहून मोकळं होऊ नका, वर्ष आणि इंजिन कोड सांगा, नाहीतर भलताच हेडलाइट घरी येऊन पडेल.

२००५ ते २०११: पहिली

२००४ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ही दाखवली आणि मे २००५ मध्ये भारतात आली. तोवर छोटी मारुती म्हणजे ८००, अल्टो, वॅगनआर, झेन. त्यात एकदम काळे पिलर, कोपऱ्यात ढकललेली चाकं, रुंद बसका मागचा भाग असली गाडी, लोक अक्षरशः थांबून बघायचे. रेसिंगमध्ये पण हिनं नाव काढलं, २००७ ची ज्युनियर वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप पर-गुन्नार अँडरसन ह्या स्वीडिश ड्रायव्हरनं स्विफ्ट सुपर १६०० मधेच जिंकली.

ओळखायला सोपी, लांबी ३६९५ मिमी म्हणजे चारींत सगळ्यात आखूड, हेडलाइट मागं ताणलेले नाहीत, टेललाइट उभे. पण खरी गंमत बॉनेटच्या आत आहे, कारण हिच्यात एकापाठोपाठ तीन इंजिनं आली. सुरवातीला एस्टीमचंच नातेवाईक असलेलं १.३ पेट्रोल, ८७ पीएसच्या आसपास. जानेवारी २००७ ला १.३ डीडीआयएस डिझेल. आणि २०१० ला १.३ पेट्रोल काढून १.२ के-सिरीज पेट्रोल. विकणारा फक्त 'पेट्रोल आहे' म्हणाला तर पुढचा प्रश्न हा विचारायचा की १.३ का १.२, कारण इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला १.३ ला रबरी टायमिंग बेल्ट आहे आणि १.२ ला लोखंडी चेन. बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो, बदलला असेल तर बिल मागा, बिल नसेल तर खर्च धरूनच भाव करा. तुटला की गाडी असेल तिथं उभी, मग तो जांबोटीचा जंगलातला रस्ता का असेना.

आज ह्या पिढीचं मोठं लफडं वय हे आहे. जवळपास सगळ्यांची १५ वर्षं झालीत किंवा होत आलीत, म्हणजे आरसी रिन्यूअल, फिटनेस, आणि रिन्यूअलची फी २०२२ च्या एप्रिलपासून कारला ५,००० रुपये झालीय, वीस वर्षांपुढच्याला अजून जास्त. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारू नका, आरसीवर 'रजिस्ट्रेशन व्हॅलिड अपटू' ही ओळ आधी वाचा. लाडानं ठेवायला, हौसेला घ्यायची असेल तर मस्त, स्टीअरिंग ह्या पहिल्या पिढीइतकं बोलकं पुढं कधीच झालं नाही असं माझं मत आहे. रोज खानापूर-बेळगाव अपडाऊन करायला मात्र मी घेणार नाही.

२०११ ते २०१७: दुसरी, आणि डिझेलवाल्यांचा देव

ऑगस्ट २०११. लांबी वाढून ३८५० मिमी झाली, हेडलाइट बॉनेटच्या कडेनं मागं ओढल्यासारखे लांब, टेललाइट बाहेर आलेले. डिक्की मात्र अजूनच बारकी, जेमतेम दोनशे लिटरची, त्यामुळं लग्नाला जाताना आहेराची पिशवी मांडीवर. पेट्रोल १.२ ला व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी सोय) आलं, ८७ पीएस. ऑक्टोबर २०१४ ला फेसलिफ्ट झालं, पुढचा बंपर बदलला आणि कागदावरचं मायलेज पेट्रोलला १८.६ वरून २०.४ आणि डिझेलला २२.९ वरून २५.२ झालं.

आता डिझेलबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या भागात विकायला येणाऱ्या गाड्यांत ह्याच जास्त दिसतात. हे १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं मल्टीजेट, सुझुकीनं लायसन्स घेऊन मानेसरला बनवलं. ७५ पीएस ताकद आणि १९० एनएम टॉर्क, म्हणजे ओढ. हेच इंजिन डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, कुठं कुठं नाही लावलं, त्यामुळं पार्ट गावागावात मिळतात आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही मेकॅनिकनं ते किमान एकदा उघडलेलं असतंय. ही ह्या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू, मायलेजपेक्षाही मोठी.

चालवायला कसं, तर २००० आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली आणि टर्बो आला की एकदम ढकलते. चोर्ला घाटात हेअरपिनला तिसऱ्यात गेलात तर बाहेर पडताना काहीच होत नाही, मागचा ट्रक हॉर्न मारायला लागतो, दुसरा टाकायचा आणि टर्बो जागा ठेवायचा. ट्रायल घेताना हे मुद्दाम करून बघा. वंटमुरीच्या चढाला चौथ्यात २००० च्या जरा वर ठेवून दाबा, ओढ सलग आली पाहिजे. मधेच अडकल्यासारखी झाली, मागं काळा धूर निघाला, किंवा शिट्टीसारखा आवाज वाढत गेला तर टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) नाहीतर नोझल (डिझेल फवारणारा इंजेक्टर), तिन्हीतलं काहीतरी बघावं लागणार, आणि नोझलचं काम स्वस्त नसतंय.

सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करून बघणं हे सगळ्यात महत्त्वाचं. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, 'मी येईपर्यंत चालू करू नका', आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागला तर समजायचं की काहीतरी लपवूलालाय. थंडीत सेल मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद चेनचा खडखडाट येऊन थांबला नाही तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, चेन सैल झालीय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी सैल करून वर नुसती ठेवा. जरा थरथरली तर चालतंय, पण फुसफुस वाफ मारत उडायला लागली तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, गाडी तिथंच सोडा, कितीही चकचकीत असली तरी.

अजून एक, ह्या डिझेलला रीमॅप करायचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायचं फॅड जोरात होतं. मोठा एक्झॉस्ट, खाली बसवलेली गाडी, रुंद टायर दिसले की समजून घ्या मागचा मालक हौशी होता. रीमॅप म्हणजे गाडी वाईटच असं नाही, पण क्लच आणि टर्बो दोघांनी जास्त मार खाल्लेला असतो. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून बघा, इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच शाबूत, गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट संपली.

आणि 'डिझेल दहा वर्षांनी बंद होतंय ना?' हा प्रश्न मला कायम विचारतात. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडं १५ वर्षं रजिस्ट्रेशन आणि पुढं फिटनेस बघून रिन्यूअल. पण ह्याचाच एक परिणाम असा की तिकडच्या दहा वर्षं होत आलेल्या डिझेल गाड्या एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यांत स्वस्तात जातात, म्हणून नंबर केए असला तरी आधीचा नंबर आणि आधीचं राज्य कुठलं हे विचारा.

२०१८ ते २०२४: तिसरी

फेब्रुवारी २०१८ च्या ऑटो एक्स्पोला आली. ओळख एकदम सोपी, मागच्या दाराला हँडल दिसतच नाही, ते काचेच्या मागं काळ्या भागात लपवलंय. लहान पोरांचा हात तिथं पोचत नाही आणि म्हातारी माणसं दार शोधत उभी राहतात. डिक्की २६८ लिटर झाली. हार्टेक्ट नावाचा नवा हलका प्लॅटफॉर्म (गाडीचा खालचा सांगाडा) आला आणि पेट्रोलचं वजन ८५५ ते ८८० किलोवर आलं, त्यामुळं ताकद ८३ पीएस असूनही ही पेट्रोल दुसऱ्या पिढीपेक्षा चपळ वाटते. ग्राउंड क्लिअरन्स १७० वरून १६३ मिमी झाला, शेतातल्या रस्त्याला, उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीत खाली घासते, ट्रायलआधी खाली वाकून इंजिनखालचं ऑइल चेंबर बघून घ्या.

हिच्यात दोन तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि डिझेल बंद झालं, म्हणजे डिझेल स्विफ्ट पाहिजे असेल तर २०१८ ते मार्च २०२० ह्या सगळ्यात नवीन, आणि म्हणूनच त्यांचा भाव उतरत नाही. दुसरी तारीख फेब्रुवारी २०२१, तेव्हा पेट्रोलला ड्युअलजेट के१२एन इंजिन आलं, ९० पीएस, मायलेज कागदावर २३.२. माझ्या मते आज रोजच्या वापराला पैसे वसूल स्विफ्ट म्हणजे ही २०२१ ते २०२३ ची पेट्रोल मॅन्युअल. चार सिलिंडर, चेन, ताकद भरपूर. ऑगस्ट २०२२ पासून कंपनीचीच सीएनजी पण मिळायला लागली, पण मग डिक्की विसरायची.

एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) गाडी असेल तर ट्रायल सपाट रस्त्यावर संपवू नका, चढावर थांबवून परत काढा. मागच्या मालकानं चढावर ॲक्सिलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय लावली असेल तर क्लच जळलेला असतो. २०२१ च्या फेसलिफ्टनंतर एएमटीला हिल होल्ड (चढावर गाडी मागं न सरकू देणारी सोय) आला, तेवढा फरक घाटात जाणाऱ्याला महत्त्वाचा.

सेफ्टीबद्दल गोड बोलत नाही. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये २०१४ ला बिनएअरबॅगच्या स्विफ्टला शून्य स्टार मिळाला, २०१८ च्या गाडीला दोन, आणि २०२२ ला नवीन कडक नियमांनी परत टेस्ट केल्यावर एक. दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरियंटला २०१८ च्या मॉडेलपासूनच आले, म्हणून त्याआधीची गाडी घेत असाल तर एलएक्सआय, एलडीआय ही खालची मॉडेलं सोडा आणि एअरबॅगवालीच शोधा, एअरबॅगचा दिवा इग्निशन ऑन केल्यावर पेटून विझतो का तेही बघा, पेटलाच नाही तर बल्ब काढून टाकलेला असू शकतो.

२०२४ पासून: चौथी

९ मे २०२४ ला आली, मागच्या दाराचं हँडल परत दारावर आलं म्हणून लगेच ओळखते. इंजिन नवं झेड१२ई, तीन सिलिंडर, ८२ पीएस, म्हणजे आधीच्यापेक्षा ताकद कमी पण मायलेज कागदावर २४.८०. सहा एअरबॅग सगळ्यांना. जपानमध्ये हीच गाडी माइल्ड हायब्रिड आणि सीव्हीटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत मिळते, आपल्याला मिळाली नाही. उभी असताना जरा थरथर जाणवते, सिग्नलला गोवावेसला उभं राहिल्यावर कळेल. सेकंडहँडमध्ये अजून फार स्वस्त नाहीत, त्यात बहुतेक वॉरंटी शिल्लक असते, म्हणून सर्व्हिस हिस्टरी शोरूममधून नंबर देऊन काढून घ्या, एवढं पुरे.

स्पोर्टचं बोर्ड लावलेली दिसली तर

स्विफ्ट स्पोर्ट नावाची खरी गाडी आहे, पण ती कंपनीनं भारतात कधी विकलीच नाही. जपानमध्ये २००५ ला १.६ लिटर १२५ पीएस, मग २०११ ला १३६ पीएस, आणि २०१७ ला १.४ बूस्टरजेट टर्बो, १४० पीएस, २३० एनएम आणि वजन ९७० किलो. ते आकडे वाचून आपल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मग बंपर, स्पॉयलर, बॅज मागवून लावतात. हौस आहे, हरकत नाही. पण त्या बॅजचे जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढं जायचं. बूस्टरजेटची चव आपल्याकडं २०१७ च्या बलेनो आरएसमध्ये मिळाली, १.० लिटर, १०२ पीएस, ज्याला खरंच टर्बो पेट्रोल पाहिजे त्यानं ती शोधावी.

पुराची गाडी

हे आपल्या भागात वेगळं सांगायलाच पाहिजे. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा चढल्या, यमगर्णीला हायवे बंद पडला, कोल्हापूर, सांगली, चिक्कोडी, अथणीकडच्या किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून बाजारात आल्या. बघायचं कसं? पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ असेल तर ती धुऊन जात नाही. सीटच्या खालचे रूळ बोटानं चाचपा, गंज लागतो. स्टेपनीखालची जागा, डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स, कार्पेटची कड उचलून खालचा फोम. काचा बंद करून एसी लावा आणि पाच मिनिटं नुसतं बसा, कुबट वास आला की उठा. परफ्यूमचा फवारा मारून ठेवलेला असेल तर अजूनच शंका घ्या.

खालची बाजू बघताना लोअर आर्म, लिंक रॉड, स्टीअरिंगचा खटखट आवाज. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटावरून हळू न्या, काचा खाली, म्युझिक बंद. दुसऱ्या पिढीत स्टीअरिंग कॉलमचा टकटक बऱ्याच गाड्यांना येतो, घाबरायचं नाही, भावात धरायचा. एप्रन (बॉनेटखालचा चाकावरचा पत्रा) आणि पिलरवर कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसले पाहिजेत, तिथं पुट्टी असेल तर मोठा ॲक्सिडेंट.

एमएच का केए

शिनोळीची हद्द ओलांडली की एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरचा नंबर, तिथं भाव कमी दिसतो, आणि पाहुण्याची गाडी म्हणून आपण हो म्हणतो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स वेगळा. तो टॅक्स गाडीच्या वयावर आणि किमतीवर ठरतो, म्हणून व्यवहार ठरवायच्या आधीच केए-२२ म्हणजे बेळगाव आरटीओला किंवा चिक्कोडीकडचे असाल तर केए-२३ ला जाऊन आकडा विचारून या, मगच समोरच्याला भाव सांगा. बऱ्याचदा एमएच मध्ये वाचलेले पैसे टॅक्समध्येच जातात आणि केए ची गाडीच स्वस्त पडते.

तरी घेतलीच तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३०, कर्ज होतं तर बँकेचा फॉर्म ३५. चलन दोन्ही राज्यांत वेगवेगळं तपासा, कोल्हापूरच्या गाडीवर बेळगावचं स्पीडचं चलन निघतंय आणि मालकाला पत्ताच नसतो. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलीय का बघा. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो पण अर्ज तिकडच्या आरटीओतच, म्हणून जुन्या मालकाच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. आणि एनओसी हातात येईपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवायची, पाहुणा असला तरी, तो रुसला तर त्याला गोकाकचा करदंट देऊन समजूत काढता येईल.